भाऊच्या पुढं कोणी धावायचं नाही

आंधळगावात एक जुलैला अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो. आई पोराला शाळेत घालायला घेऊन जायची. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? ती म्हणायची, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतला, किंवा भाताचा रोवणा सरला तवाचा. गुरुजींनी मंडई ऐकली, रोवणा ऐकला, आणि सरळ एक जुलै टाकून दिला. सगळ्यांना. टेकचंदला तोच, आणि त्याच्या कितीतरी वर्षं आधी त्याच शाळेत गेलेल्या गोपाळरावांनाही तोच.

गोपाळराव पुढारी झाले. टेकचंद धावत राहिला.

खरोखरच धावत राहिला. घर कोष्ट्याचं. घरात बापाचा हातमाग होता. कोशाचं रेशमी सूत परवडेना म्हणून माग थांबला, आणि त्यानंतर बापही फार दिवस राहिला नाही. टेकचंदनं पोलीस भरती धरली. एकदा गोळाफेकीत राहिला, एकदा लेखीत राहिला. मग आपण चांगले तयार झालो असं त्याला वाटायला लागलं, तर जाहिरातच निघेना. या महिन्यात निघते, सणानंतर निघते, निवडणुकीनंतर निघते. सरकार सावकाश चालतं, त्याला कोण हाकलणार? पोरांचं वय मात्र धावतं.

तेवढ्या काळात त्यानं तलावाच्या पाळीवर पोरापोरींचा एक गटच उभा केला. त्याच्यापाशी शिकलेले लागले, वर्दी घालून गावात पेढे वाटून गेले. गटाची एक रीत होती. जो लागला त्यानं आपले धावायचे बूट मागच्याला द्यायचे. टेकचंदच्या पायात हेमराजचे बूट होते. हेमराज आता भंडाऱ्यात शिपाई आहे. त्या बुटांचे तळ टेकचंदनं किती वेळा शिवून घेतले असतील, पण नवे घेतले नाहीत. लागलेल्याचे बूट कोण सोडतो?

दुसरी रीत वाढदिवसाची. ज्याचा वाढदिवस तो पुढं धावणार, बाकीचे मागं, त्याला मागं टाकायचं नाही. एक जुलैला सगळ्यांचाच वाढदिवस, म्हणून पाळीवर नुसती ढकलाढकली आणि हसाहशी. शेवटी वयानं मोठा म्हणून टेकचंदच पुढं व्हायचा.

यंदाच्या एक जुलैला हसण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी टेकचंद भरतीच्या वयातून बाद होणार होता.

त्याच्या आधीच्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. गोपाळरावांच्या वाढदिवसानिमित्त भव्य दौड. त्यांचा एक कार्यकर्ता पाळीवर आला.

"टेकूभाऊ, तुमची सारी पोट्टी पाहिजेत. टी-शर्ट आमचा, नाश्ता आमचा."

"अन् आमाले काय?"

"पयला येईन त्याचा मंचावर सत्कार. भाऊच्या हातून. माइकवर दोन शब्द बोलाले भेटन."

त्या दोन शब्दांसाठी टेकचंद हो म्हणाला. वाक्य त्यानं पाठच करून टाकलं: भाऊ, जाहिरात सरकारनं उशिरा काढली, तर वय आमचं काहून कापता? जेवढा उशीर, तेवढं वय सोडा. गोपाळरावांची मुंबईपर्यंत ऊठबस. साऱ्या गावादेखत त्यांनी 'बोलतो' म्हटलं, तर उद्या त्यांना धरता आलं असतं. बंद खोलीतलं आश्वासन काय कामाचं? असली शेकडो त्यानं ऐकली होती.

एक जुलैला पहाटे तो बूट बांधायला बसला, तर आई, सुशीलाबाई, चुलीपाशी बडबडतच होती.

"मंडईत दंडारीचा खेळ उभा होता अन् इकडं तू झाला. मी सांगतलं होतं त्या गुरुजीले. तुहे चार महिने खाल्ले त्यानं."

"माय, आता ते कोन मानते?"

"मी मानतो ना! मी जनम देल्ला का गुरुजीनं?"

टेकचंदनं नाडीची गाठ आवळली. तो निघाला.

बसस्टँडवर बँड होता. सगळ्यांच्या छातीवर गोपाळरावांचा चेहरा, आणि खुद्द गोपाळराव नव्याकोऱ्या पांढऱ्या बुटांत. पाळीजवळच्या मंचापर्यंत दौड. शिटी वाजली, आणि दोन कार्यकर्त्यांनी गोपाळरावांच्या मागं आडवा दोर धरला.

"भाऊचा वाढदिवस हाये! भाऊच्या पुढं कोनी धावायचं नाई!"

गोपाळराव चालायला लागले. धावणं त्यांच्या पोटाला झेपणारं नव्हतं. मागं अख्खा गट दोराला छाती लावून पाय ओढत निघाला. गटातली हर्षा जिभेनं तिखट. ती म्हणाली, "टेकूभाऊ, हे वरात हाये का मयत?"

पोरं फिसकन हसली. टेकचंद हसला नाही. सगळेच चालले तर पहिला कोण येणार? आणि पहिला कोणी आलाच नाही, तर माइक कोणाला मिळणार? हातातले भाताच्या रोपांचे परे शेताच्या धुऱ्यावर टाकून रोवणाऱ्या बाया चिखलाच्या बांधीत उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्यादेखत तो वाकला, दोराखालून निघाला आणि पळाला.

"अबे, धर त्याले!"

कोण धरतो? इतक्या वर्षांचे पाय होते ते. गोपाळरावांना मागं टाकलं, बँडला टाकलं, पाळ चढला. वाऱ्यावर टी-शर्टातला गोपाळरावांचा चेहरा त्याच्याच छातीवर फडफडत होता. मागून पोरांनी आरोळी दिली. असा तो कोणत्याच भरतीत धावला नव्हता.

मंचावर फक्त साउंडवाला होता.

"माइक दे."

"भाऊ आल्याबिगर चालू नाई होत."

टेकचंद थांबला. घाम सुकला, पोटऱ्या आखडल्या, तेव्हा कुठे दौड येऊन पोचली. कार्यकर्ते दातओठ खात होते, पण गोपाळराव हसतच वर आले. ते कधी चिडत नाहीत, हीच तर त्यांची कमाई.

"तूच का पयला? सांग, काय म्हनतं?"

माइक समोर आला. "भाऊ, आज माहं वय—"

"भाऊ, याचाबी आजच वाढदिवस हाये!" मागून कोणीतरी ओरडलं.

"अरे वा! मंग त आपन जुळे भाऊ!" गोपाळरावांनी केकचा एवढा मोठा तुकडा उचलला आणि टेकचंदच्या तोंडात कोंबला. मान धरून, प्रेमानं. टाळ्या पडल्या. मोबाईल वर झाले. टेकचंद गिळत होता, ठसकत होता. घास खाली उतरेपर्यंत माइक दुसऱ्याकडे गेला होता आणि शुभेच्छा सुरू झाल्या होत्या. त्याला कोणीतरी हलकेच पायरी दाखवली.

खाली हर्षा उभी होती. "तुमी बोलले का?"

"तोंडात केक होता."

तिनं पाण्याची बाटली त्याच्यापुढं धरली.

सगळे पाळीवर आले. टेकचंदनं खाली बसून बूट सोडले आणि समोर धरले. "घ्या. कोनाले बसतात पाहा."

कोणी हात पुढं केला नाही. एक जण आभाळाकडे बघायला लागला, एक जण घड्याळाकडे. हे लागलेल्याचे बूट राहिले नव्हते, बाद झालेल्याचे होते. हर्षानं हात अर्धा उचलला, मग तोही खाली गेला. तिचंही वय तिला माहीत होतं. टेकचंदला राग आला नाही. त्यांच्या जागी असता तर त्यानंही घेतले नसते.

तो अनवाणी घरी आला. रस्त्यात दोघातिघांनी थांबवून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. फोटो गावभर फिरला होता.

"केक खाल्ला म्हनते," सुशीलाबाई म्हणाली.

"खाल्ला."

"तुहा वाढदिवस मंडईले. तवा मी करीन काई गोडधोड."

"तवा काय होते, माय?"

तिनं चुलीत लाकूड सारलं. टेकचंदनं बूट मागाखालच्या खड्ड्याच्या काठावर ठेवले आणि बाप बसायचा तिथं बसला. पाय खड्ड्यात सोडले. तळपायाला मागाच्या पायानं दाबायच्या पट्ट्या लागल्या. त्यानं एक दाबली. ती खाली गेली, मग दुसरी. मागावर ताण्याचं सूतच नव्हतं. वर काहीच हललं नाही.

तो दाबत राहिला.