सरांनी तापवलेलं मीठ

कुठलीही गोष्ट खरी की खोटी, हे ती तापवल्याशिवाय सांगता येत नाही, असं मनापासून मानणारे एकच गृहस्थ मी पाहिले. ते म्हणजे आमचे रसायनशास्त्राचे सर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नागपुरात माझं कुणी नव्हतं, तेव्हा सरांनी सक्करदऱ्याला आपल्या घरामागची खोली मला दिली, त्यामुळे त्यांचं हे तापवणं वर्गाबाहेरही पाहायला मिळालं. कापड घेताना ते आधी त्याचा धागा ओढून जाळत. धरमपेठेतला कापडवाला त्यांना लांबून पाहताच चिंधी नि काड्यापेटी काढून ठेवी आणि म्हणे, "सर, जाळा, पण बाहेर पायरीवर." मध आला की वात भिजवून पेटव, तूप आलं की कढव. "लग्नात यांनी माझ्या पाटल्यांकडे असं काही पाहिलं," सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, सांगत, "की मी हात पदराखालीच घेतले." सर हसत नसत. "शंका होतीच," एवढंच म्हणत.

नसबंदीच्या धाकाच्या त्या दिवसांत आवई उठली, की सरकारनं मिठात मूल न होण्याचं औषध कालवलंय. शेजारच्या काकूंना ती लगेच पटली, कारण लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्यांच्या सुनेला मूल नव्हतं. त्यांनी सुनेचं मीठ बंद केलं. मुलाला मात्र दोन्ही वेळा मीठ मिळे. अळणी खाऊन सून पार उतरली; एकदा नळावर तिला भोवळ आली. तेव्हा सर स्पिरिटचा दिवा घेऊन काकूंच्या ओट्यावर जाऊन बसले. मागोमाग मी आणि अर्धी गल्ली.

"वहिनी, औषध तापलं की काळं पडतं," असं म्हणून सरांनी काकूंच्याच डब्यातलं मीठ काचेच्या नळीत तापवलं. ते तडतडलं.

"पाहा, आतून बोलून राहिलं ना," काकू म्हणाल्या.

"ते अडकलेलं पाणी आहे. तुम्ही रंग पाहा. पांढरं ते पांढरंच."

लोकांनी माना डोलावल्या. सर इथं थांबले असते तर बरं होतं. पण तुलनेशिवाय प्रयोग पुरा होत नाही, म्हणून काळं पडणं म्हणजे काय हे दाखवायला त्यांनी चिमूटभर साखर मागितली. साखर वितळली, तांबूस झाली आणि बघता बघता कोळसा झाली. सर समाधानानं वळले.

काकू नळीकडे बघतच होत्या. "म्हंजे औषध साखरेत हाय. मास्तर, बरं झालं तुम्ही दाखवलं."

"अहो, साखर काळी पडतेच."

"तेच म्हणून राहिली मी."

संध्याकाळपर्यंत सारी गल्ली बिनसाखरेचा चहा पिऊ लागली. सुनेला मीठ मिळालं नाहीच. "दोन्हीतही असंन, कोणाले माहीत," असं म्हणून काकूंनी तिची साखरही बंद केली.

सरांना जेवण जाईना. बाईंनी कारण विचारलं तर म्हणाले, "तिचा चहा मी घालवला." रविवारी ते मला घेऊन पुन्हा काकूंकडे गेले, या वेळी रिकाम्या हातांनी. "वहिनी, आज इथंच जेवतो. माझं पान सुनेशेजारी मांडा. तिला वाढाल तेच मला."

काकू घाबऱ्या झाल्या. आपल्याकडे पान मांडलं की आधी डावीकडे मीठ पडतं, मग बाकीचं. घरी आलेल्या मास्तरांना अळणी वाढायचं म्हणजे घराची अब्रूच गेली.

"तुम्हाले कसं अळणी वाढू, भाऊजी?"

"मग तिलाही वाढा."

"तिले कसं?"

"मग राहू द्या." सरांनी अळणी वरणभात कालवला आणि मुकाट्यानं घास घेऊ लागले. काकूंना ते पाहवेना. त्यांनी डबा आणून सरांच्या पानात मीठ वाढलं. सरांनी हात आखडून घेतला आणि तसेच बसून राहिले. शेवटी काकूंनी कुणाकडे न पाहता सुनेच्या पानातही वाढलं. सुनेनं ते आधी बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं. मग मान खाली घातली, ती जेवण होईपर्यंत वर केली नाही.

परतताना मी म्हणालो, "सर, पण मिठात औषध नाही हे काही सिद्ध झालं नाही."

"नाही झालं गा," सर म्हणाले. "जेवली मात्र पोटभर."

सुनेला पुढेही मूल झालं नाही. सर गेले त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही, तेव्हा पिठलंभात घेऊन तीच आली. बाई पानाकडे बघायला तयार नव्हत्या.

"दोन घास घ्या ना बाई," ती म्हणाली, "मीही बसते तुमच्याजवळ." आणि बाईंच्या शेजारी तिनं आपलं पान मांडलं.