तार न घालणारे तात्या

दगडूतात्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम बॅटरीचा एक नवाकोरा सेल असायचा. मोटर कुणाचीही असो, आधी मल्टिमीटरच्या दोन्ही सुया त्या सेलला लावायच्या, आकडा बघायचा आणि मगच कामाला हात घालायचा. निमगाव केतकीत त्यांचं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरी पुन्हा भरून द्यायचं दुकान. गिऱ्हाईक घायकुतीला आलेलं, तिकडे पानमळा सुकत चाललेला, तरी तात्यांचा सेल आधी. म्हणायचे, "ह्या मीटरला खरं बोलता येतंय का बघू दे की. मग इचारू मोटारीचं."

आयटीआय करून मी त्यांच्याकडे लागले ती सासरी, बावड्यात स्वतःचं दुकान टाकायचं, हे मनाशी पक्कं करूनच. सासूबाई म्हणायच्या, "बाईमाणसाच्या हातात कोण मोटर देतंय?" त्यामुळे मला चुकायची भयंकर धास्ती. आणि त्या धास्तीपायीच मी नको ते करून बसले.

एकदा मीटरची चकती करंटच्या खुणेवर राहिली आणि व्होल्टेज बघायला मी सुया थेट चालू लाइनला लावल्या. आतला फ्यूज उडाला. तात्या जेवायला गेले होते. सांगायचं सोडून मी काय करावं? आपल्याकडे शेतातल्या स्टार्टरला करतात तेच! वायरीतली तांब्याची तार काढली आणि फ्यूजच्या जागी गुंडाळली. कुणाला पत्ता नाही. आठवड्याने तीच चूक पुन्हा झाली, आणि या वेळी फाडकन जाळ निघाला. तळहात भाजला. मीटरचं करंट मोजणंच बंद पडलं.

तात्यांनी आधी माझ्या हातावर गार पाणी ओतलं. मग मीटर खोललं आणि ती तार चिमट्याने बाहेर ओढली.

"तात्या, मी उद्यापासून येत नाही," मी रडत म्हणाले.

"स्टार्टरला तार, मीटरलाबी तार! उद्या काळजाला घालशील!" तात्या कडाडले. मग आवाज उतरला. "अगं, फ्यूज उडाला म्हंजी तुझ्यावरचं त्यानं झेललं. त्याची लाज कसली? लाज ह्या तारंची. जायचं तर जा, पण हे नीट करून जा."

करंट मोजायला लागणारा आतला रेझिस्टर जळून कोळसा झाला होता. त्यावरचे रंगीत पट्टेच दिसेनात, मग तो किती ओहमचा हे कळायचं कसं? तात्यांनी फळीवरून त्याच जातीचं, काच फुटलेलं जुनं मीटर काढलं. "ह्येचं डोळं गेल्यात, पण किडनी झकास हाय. घे." मला रडता रडता हसू फुटलं. पट्टी बांधलेल्या हाताने तिकडचा रेझिस्टर काढून मी इकडे सोल्डर केला. तीनदा फसला, चौथ्यांदा बसला. मग खरा फ्यूज घातला. तात्यांनी खिशातला सेल दिला. त्याला बारकासा बल्ब आणि मीटर जोडलं. बल्ब लागला, आकडा आला.

"मग, उद्या?" तात्यांनी विचारलं.

"येते," मी म्हणाले.

बावड्यात दुकान टाकलं तेव्हा तात्या अंथरुणाला खिळले होते. तेच मीटर त्यांनी मला पाठवून दिलं. पहिलंच गिऱ्हाईक, दारात चार माणसं, शेजारी सासूबाई, आणि माझ्या हातून पुन्हा फ्यूज उडाला! हात आपसूक तारेकडे गेला. तो मागे घेतला आणि मोठ्याने सांगून टाकलं, "थांबा, माझी चूक झाली. फ्यूज उडालाय." तिथूनच तात्यांना फोन लावला.

"तू शाबूत हाईस न्हवं?" थकलेला आवाज आला.

"हो, तात्या."

"मग त्यानं त्याचं काम केलं. आता तू तुझं कर."

मी नवा फ्यूज घातला, आधी सेलला सुया लावून मीटर पारखलं, मग मोटर दुरुस्त केली. महिन्याभरात तात्या गेले. त्यांना निरोप देऊन मी निमगावहून परतले, त्या दिवशी फार रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझा कामाचा कुडता पुढ्यात टाकला. त्याला एक छोटा खिसा शिवला होता, बरोब्बर सेलच्या मापाचा.