सर्वेवाल्याला सांगितलेली चोरी

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी विसरलो, पण चाकणच्या बाजूला असताना झालेला तो घोळ काही डोक्यातून जात नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. पिंपरी-चिंचवडकडच्या कंपन्यांमुळे आमच्या हद्दीतल्या गावांतही परजिल्ह्यातले कामगार खोल्या घेऊन राहू लागले होते. गावाला त्यांचं भाडं हवं असे, माणसं नकोशी असत.

अशाच एका गावात विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली. मळा पुण्याच्या एका गृहस्थांनी विकत घेतलेला, फिर्यादही त्यांनीच दिली. गावच्या पोलीस पाटलानं छातीठोकपणे परभणीकडच्या एका भाडेकरूचं नाव सांगितलं. सेकंड शिफ्ट सुटली की हा त्याच विहिरीवरून पायी येतो, म्हणे. सकाळी त्याला ठाण्यात आणलं, दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा करायचा होता. त्यानं एकच पालुपद लावलं, "साहेब, मी टेंपरवारी हाये. कोर्टात नेलं तं कंपनी नाव काटून टाकती. म्या मोटारीला हात बी लावला नाई." त्याची बायको लहान पोर घेऊन व्हरांड्यात बसून होती. आता चोरही असंच बोलतात, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही.

दुपारी त्याच पाटलाचा निरोप आला. एक अनोळखी इसम गावात दारोदार फिरतोय. घरात चोरी झाली का, पुरुषमाणसं कामावर कधी जातात, असं बायाबापड्यांना विचारतोय. वा रे वा, म्हटलं, टोळीच सापडली! हवालदारांनी त्याला जीपमध्ये घालून आणला. तिशीचा, चष्मेवाला, खांद्याला शबनम पिशवी.

"कुणाच्या टोळीतला तू?" मी दरडावलं.

"साहेब, मी सरकारी माणूस आहे. सर्वे करतोय. गुन्ह्यांबद्दल आणि पोलिसांबद्दल जनतेचं मत काय, ते सरकारला जाणून घ्यायचंय."

"आमच्याबद्दल? मग आम्हालाच विचारायचं ना!"

हवालदार म्हणाले, "राव, थाप तरी पटेल अशी मारा."

ट्रंक कॉल लावला. बऱ्याच खटपटीनंतर मुख्यालयातून उत्तर आलं की माणूस खरा आहे, त्याबद्दलचं पत्र टपालात आहे, चहा पाजून सोडा. निमूटपणे चहा मागवला. पिता पिता तो सहज बोलून गेला, "या गावात मोटारी जातातच वाटतं. गेल्या दिवाळीतही एक गेली होती."

माझा कप हातातच राहिला. त्या गावची दुसरी फिर्याद ठाण्यात नव्हतीच. आणि आमचा भाडेकरू गावात आला होता तो शिमग्यानंतर.

"कोणी सांगितलं?"

"नाव नाही सांगता येणार. कुणाला कळू देणार नाही असा शब्द देऊनच मी विचारतो."

मी ओरडलो, टेबलावर हात आपटला. तो घाबरून चष्मा पुसत बसला, पण तोंड उघडेना. मनातून त्याचा राग आला आणि खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं. शेवटी मी व्हरांड्यातल्या बाईकडे बोट केलं. "तिच्या नवऱ्याची नोकरी उद्या जाईल."

त्याचा चेहरा पडला. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत म्हणाला, "मला चावडीपुढे घेऊन चला. मी सगळ्यांना एकदम विचारतो. ज्याला बोलायचं तो बोलेल."

गावात गेलो. चावडीपुढच्या पारावर माणसं जमवली. आधी मीच विचारलं, याआधी कधी मोटार गेली होती का? "न्हाई बा, आमच्या गावात तसलं काय न्हाई," चहूकडून एकच उत्तर. पाटील मान डोलवत होता. मग सर्वेवाल्यानं तोच प्रश्न विचारला, आणि एक म्हातारी उठून उभी राहिली.

"व्हय, माझी गेली व्हती की दिवाळीत! पाटलाच्या पुतण्यानं नेलती. गावकीनं परत आणून दिली."

"अहो आजी, मी विचारलं तेव्हा गप्प का बसलात?"

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सर्वेवाल्याला म्हणाली, "त्या साहेबाला सांग बाबा, खंडोबापुढं समद्या गावानं भंडारा उचललाय, चौकीला सांगायचं न्हाई म्हणून. तुला सांगायचं न्हाई, असं कुठं ठरलंय?"

मी हातभर अंतरावर उभा! तिथून पुढे सगळा तपास असाच चालला. मी त्याला विचारायचं, त्यानं तिला, आणि तिनं उत्तर द्यायचं त्याला. मोटार कुठे असेल, यावर ती म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, पाटलाची कांद्याची चाळ बघा." आता पाटलाची मान खाली होती. चाळीत, कांद्याच्या ढिगामागे मोटार मिळाली. पुतण्यानं फारसे आढेवेढे न घेता कबूल केलं. पण पंचनाम्याला गावातला एकही माणूस पुढे येईना, शेवटी शेजारच्या गावचे दोघे आणावे लागले. ते गाव चोराला झाकत होतं की देवाला दिलेला शब्द पाळत होतं? पुण्याचा मालक आणि परभणीचा भाडेकरू, दोघंही त्या शब्दाच्या बाहेरचे, म्हणून एकाचं लुटायचं आणि दुसऱ्याला आत घालायचं? मला याचा उलगडा झालेला नाही.

संध्याकाळी ठाण्यात परतलो आणि भाडेकरूला सोडलं. आमच्याबरोबर परत आलेला सर्वेवाला अजून व्हरांड्यातच होता. म्हणाला, "हेही त्याच गावात राहतात ना? मग यांनाही विचारायला हवं." आणि खरंच विचारलं, "तुमचा पोलिसांवर विश्वास आहे का?"

त्या माणसानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा हवालदारांकडे.

"हाये की, साहेब. लई विश्वास हाये."

बायकोनं पोराच्या डोक्यावरून पदर ओढला आणि त्याची वाट न बघता पायऱ्या उतरली. तोही घाईघाईनं तिच्या मागे गेला.

पुढे कितीतरी जबाब घेतले. कुणी पटकन "होय साहेब" म्हणालं की मी पेन खाली ठेवून पुन्हा विचारायचो. हे मला त्या संध्याकाळनं शिकवलं.

त्या वेळी सर्वेवाल्याचं पेन मात्र कागदावर तसंच थांबलं होतं. "साहेब, काय लिहू?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारता?" मी म्हणालो. "मी इथे उभा असताना विचारलंत तुम्ही त्याला."