टक वाजलं की गप्प

"अगं, लेकीला गप्प करायला पट्टी वाजवतेस, बोलतं करायला काय वाजवशील?" माझे नणंदोई बायकोला असं विचारत होते, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. नणंद म्हणाली, "मारत नाही, ओरडत नाही. आणखी काय पाहिजे?"

नणंद शाळेत बाई होती. टेबलावर पट्टी टक वाजली की वर्ग चिडीचूप, आणि जो आधी गप्प बसेल त्याला लिमलेटची गोळी. इतर शिक्षक बघायला यायचे. मी दोन इयत्ता शिकलेली, मला तर जादूच वाटायची. हीच तऱ्हा तिने घरी लेकीवर चालवली. लेक मोठी झाली, नोकरीला लागली. गोळ्या केव्हाच सुटल्या, गप्प होणं काही सुटलं नाही. कुठेही टक वाजलं की तिचं वाक्य अर्ध्यावर राहायचं, आणि तिला ते कळायचंही नाही.

नणंदोई गेले, घरात मायलेकीच उरल्या. मग नणंदेच्या हाती काठी आली. ती फरशीवर टेकली की स्वयंपाकघरातली लेकीची बडबड थांबायची. काठीला चिंधी बांधून पाहिली, तरी आवाज यायचाच. शेवटी नणंद दारातच काठी काखेत मारायची आणि भिंत धरून आत जायची.

"वन्सं, पडाल हो," मी म्हणायची.

"पडेन. पण वहिनी, ती काहीतरी सांगतेय ना."

शेवटच्या सकाळीही ती दूध घेऊन तशीच आत आली. पिशवी ओट्यावर ठेवली, खुर्चीत बसली आणि ऐकता ऐकता गेली. लेक बराच वेळ बोलतच होती.