निरवांगीची उपसलेली विहीर

आमचं काम विहिरींचं पाणी मोजायचं, पण ऑफिसच्या गाडीत किस्सेच जास्त साठतात! बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात विहिरीत टेप सोडायची, पातळी लिहायची, कुठल्या गावाला पाणी किती पुरेल याचा अंदाज बांधायचा. बस्स, एवढंच. पण लोकांना ते पटेल तर ना!

*

काटेवाडीजवळ एक आबा भेटले. मागं डोक्याच्या वर ऊस, पायाखाली चिखल. विचारलं, "आबा, पाणी पुरतं का?"

"कुठलं ओ! प्यायला थेंब न्हाय!"

"मग हा ऊस?"

आबांनी मागं वळून पाहिलं, जणू तो आत्ताच आला. "त्यो व्हय? त्यो हट्टी हाय!"

*

आमच्या ऑफिसच्या शुभांगी मॅडम एका विहिरीत टेप सोडत होत्या. एक मावशी धावत आल्या. "काय पडलं गं बाई?"

"काही नाही मावशी, पाणी मोजतेय."

"मोजून वाढतंय व्हय?"

आता ऑफिसात मीटिंग लांबली, की मॅडम हळूच हेच विचारतात.

*

आमचे साहेब उपग्रहाच्या नकाशांचे भक्त. नारळ हातावर धरून पाणी सांगणाऱ्या पाणाड्याचं नाव काढलं तरी भडकतात. "अंधश्रद्धा!" त्यांच्या स्वतःच्या प्लॉटवर बोअर घ्यायचं ठरलं, म्हणून आम्ही सहज डोकावलो. पुढं नारळवाला पाणाड्या, मागं साहेब, तेही अनवाणी!

आम्हाला बघून म्हणाले, "नकाशा ऑफिसचा असतो रे, बोअर घरचं आहे!"

*

पण सगळ्यात भारी निरवांगीचे तात्या. एकुलत्या एका पोराचं लग्न जमेना. मुलीकडचे लोक पोराआधी विहिरीत डोकावतात, दोन स्थळं त्यातच गेली. यंदा विहीर खोल केली, छान पाणी लागलं. पण गावात अफवा उठली, की विहिरी कोरड्या दिसल्या तर गावाला पाण्याची योजना आधी! झालं. आम्ही येणार म्हणून तात्यांनी सकाळपासून मोटर चालवून भरली विहीर उपसली. टेपला नुसता गाळ. तात्या खूश!

तेवढ्यात जीप थांबली. पोराला बघायला पाहुणे, तेही न कळवता! मुलीचे वडील थेट विहिरीकडंच निघाले. तात्यांचा चेहरा पांढराफटक. माझ्या कानात म्हणाले, "साहेब, पाया पडतो! कागदावर कोरडी लिवा, पर तोंडानं भरलीय म्हणा!"

मला हसूही येत होतं आणि म्हाताऱ्याची कीवही.

पाहुण्यांनी विहिरीत पाहिलं. मग माझ्या हातातल्या टेपकडं.

"तात्या, हे साहेब आजच आलं व्हय?"

"व्हय," तात्या कसेबसे बोलले.

पाहुणे जे हसत सुटले, ते थांबेचनात. "मग चहा टाका, बोलणी करू! परवा आमच्याकडं येऊन गेलं हे. आमची उपसल्याली बी अजून भरायचीय!"