मुद्दाम हरलेले डाव

माझ्या मोठ्या भावाशी कॅरम खेळताना मी मुद्दाम हरत होतो. कित्येक रविवार. वर, आपण काहीतरी पुण्याचं करतोय अशा समजुतीत होतो. चूक नेमकी तिथेच होती.

मी राहतो गोव्यात, कोरगावात, नोकरी म्हापशात. बसमध्ये मोबाइलवर बौद्धांच्या मन घडवण्याच्या शिकवणीवरची प्रवचनं ऐकायची मला सवय लागली. तशी मला गरजही होती. वादात शेवटचा शब्द माझाच, हा माझा जुना रोग. त्यामुळे त्यातली एक गोष्ट मनाला लागली: वाद झाला तर जीत दुसऱ्याला द्यावी, हार आपण घ्यावी. त्याच संध्याकाळी गॅस सिलिंडर सांगायचा कोण विसरलं यावरून घरात सुरू झालं. मी लगेच म्हटलं, "माझीच चूक." बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप तर नाय. मगे काय झाला तुमका?"

मी हसलो. जमतंय, असं वाटलं. मग मी दादाकडे वळलो.

दादाचं घर आमच्या घराला लागून. डिचोलीच्या खाणींवर त्याचा स्वतःचा ट्रक होता. खाणी बंद पडल्या, ट्रक बरेच दिवस दारात उभा राहिला आणि शेवटी विकला गेला. आता तो काजूची बाग बघतो. ट्रकमधून त्याने एकच वस्तू काढून घेतली, ती म्हणजे केबिनमध्ये ठेवलेला त्याचा स्ट्रायकर. लोडिंगच्या रांगेत ताटकळताना ड्रायव्हर लोक कॅरम खेळायचे, आणि त्यात दादाला तोड नव्हती. लहानपणी माझी बोटं धरून स्ट्रायकर कसा सोडायचा ते त्यानेच शिकवलं. रविवारी दुपारी त्याच्या घरापुढच्या सोप्यावर आमचा डाव बसायचा. वैनी चहा आणून ठेवायची आणि तो थंड झाला की आम्हा दोघांना शिव्या द्यायची.

हल्ली त्याचा हात थोडा कापतो. मी जिंकायला लागलो होतो. म्हणून ठरवलं, जीत त्याला द्यायची. राणी हाताशी आली की मी जरा तिरका मारायचो. दादा जिंकला की मला आतून गोड वाटायचं. मी किती बदललो, किती मोठ्या मनाचा झालो! सोमवारी बसमध्ये तोच विचार चघळत बसायचो.

एका रविवारी माझी सोंगटी अगदी भोकाच्या तोंडावर होती. मी ती चुकवली. दादाने स्ट्रायकर उचलून परत माझ्यापुढे ठेवला.

"परत मार."

मी परत मारला आणि परत चुकवला. त्याने स्ट्रायकर खिशात टाकला.

"मेल्या, माझो ट्रक गेलो, नजर नाय गेली. भीक घालतंस माका?"

त्यानंतर बोर्ड भिंतीला टेकून उभा राहिला. पुढच्या रविवारी त्याची पाठ दुखत होती, त्याच्या पुढच्या रविवारी बागेत काम होतं. वैनी चहा द्यायची, पण शिव्या द्यायची नाही. ते जास्त लागलं.

मी पुन्हा शिकवणीकडेच धावलो. दुसऱ्याचं दुःख श्वासाबरोबर आत घ्यायचं, श्वास सोडताना आपलं सुख त्याला द्यायचं. बसमध्ये डोळे मिटून दादाचं दुःख आत घेऊ लागलो, इतकं मन लावून की माझा स्टॉप गेला. "अंकल, निजलात काय?" कंडक्टरने विचारलं. परत चालत येताना मला कळलं की दादाचं दुःख मी कुठून आणून घेत नव्हतो. त्यातलं बरंचसं मीच दिलेलं होतं. डाव मी त्याला दिले, पण खरी जीत, म्हणजे आपण थोर असल्याचं ते गोड वाटणं, ती माझ्याकडेच ठेवली. हार तर मी कधी घेतलीच नव्हती. ती घ्यायची तर दादापुढे जाऊन बसावं लागणार होतं. हे कळूनही मी चार दिवस टाळलं.

शेवटी गेलो. दादा सोप्यावर बसून काजूच्या बोंडूंना पीळ देऊन बिया वेगळ्या करत होता. मी शेजारी बसलो आणि एक बोंडू हातात घेतला. त्याने वर पाहिलं नाही.

"इलंस? हरूक इलंस?"

"होय दादा," मी म्हटलं. "पण आज खरा हरूक. माझा चुकला. तुझ्यावर दया करून मी स्वतःक मोठो समजत होतंय. तू माका खेळूक शिकवलंस, आणि मी तुझ्याशी खेळलंयच नाय. माफ कर माका."