सरांनी न वाचलेला ड्रॅगन

आमच्या वाचन मंडळात पुस्तक सुचवायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी मुद्दाम ड्रॅगन आणला.

त्याआधी कितीतरी महिने आम्ही नुसती थोरामोठ्यांची आत्मचरित्रं वाचत होतो. सगळ्यांचं बालपण गरिबीत, सगळ्यांची आई कष्टाळू, आणि सगळे शेवटी आपल्या यशाचं श्रेय दुसऱ्याला देऊन मोकळे. मला कंटाळा आला होता.

मंडळ आमचं लहानच, सिंदी मेघेतल्या एका कॉलनीतलं. महिन्यातून एका रविवारी काकूंच्या घरी जमायचं, आधी खायचं, मग बोलायचं. काकू मूळच्या आंजीच्या. हिवाळ्यात त्यांच्या हातची सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, मिळते म्हणूनच निम्मं मंडळ येतं, असा मला संशय आहे. दुसरे एक बँकेतले अधिकारी. कुठलंही पुस्तक त्यांचं ‘जवळपास झालेलं’ असतं. आणि तिसरे सर. सेलूच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बैठकीत ते अगदी छापील मराठी बोलतात. चिडले की मात्र त्यांची भाषा थेट घरी जाते. उरलेली दोन-चार माणसं मान डोलवायला.

मी सांगितलं, तीन भागांची कादंबरी आहे, मराठीत भाषांतर झालेली. एका राज्याचा समुद्र ड्रॅगननं पिऊन टाकलाय, आणि तो परत मागायला एक विधवा लोहारीण निघते.

सरांनी चष्मा काढला. “मॅडम, उभी हयात मी पोरांना सांगत आलो की भूत नसतं, चकवा नसतो. आता म्हातारपणी उडती पाल वाचू का?”

“पाल नाही सर, ड्रॅगन.”

“तेच ते. एवढ्या वजनाचा प्राणी उडेल कसा? पंखांचं क्षेत्रफळ काढलंय का लेखकानं?”

“देवादिकाच्या कथेत सारेच उडतेत जी,” काकू म्हणाल्या. “तवा कोनी क्षेत्रफळ काढत नाई.”

सर म्हणाले, मी वाचणार नाही, पण बैठकीला येईन. आम्हाला कळलं, वडीला येईन.

वर्गणीतून दोन संच मागवले आणि ते हातोहात फिरवायचं ठरलं. महिना उलटला. रविवारी सगळे जमले, वड्या झाल्या, आणि मी विचारलं, “कसं वाटलं पुस्तक?”

“छान आहे.”

“वेगळंच आहे.”

“ओघवतं आहे,” बँकेतले अधिकारी म्हणाले.

ओघवतं म्हणणाऱ्यानं पुस्तक उघडलेलंसुद्धा नसतं. मी स्वतः हा शब्द अनेकदा वापरलेला आहे. काकूंकडे दिलेला संच तर समोरच फ्रिजवर होता, दुकानातल्या प्लॅस्टिकसकट. ते प्लॅस्टिक पाहिलं आणि माझ्या अंगात आलं.

“मला तर बाई,” मी म्हटलं, “दुसऱ्या भागात ड्रॅगन मरतो, तिथं फार वाईट वाटलं.”

दुसऱ्या भागात ड्रॅगन मरत नाही. त्याला साधी सर्दीही होत नाही.

“अवो, मी तं रडलीच!” काकूंनी पदर डोळ्यांकडे नेला. “किती जीव लावलता बिचाऱ्यानं.”

“तो मृत्यू प्रतीकात्मक आहे,” अधिकारी म्हणाले. “तो ड्रॅगन म्हणजे शेवटी आपली व्यवस्थाच.”

माना डोलल्या. माझी हिंमत वाढली. “आणि मग ती लोहारीण सेनापतीशी लग्न करते, ते पटलं का?”

“बरंच केलं,” काकू म्हणाल्या. “एकट्या बाईनं किती दिवस भाता चालवावा?”

“सेनापती तसा सज्जनच दाखवलाय,” अधिकारी म्हणाले. “संयमी माणूस.”

कोपऱ्यातल्या खुर्चीत सर डोळे मिटून बसले होते, आपल्याला किती कंटाळा आलाय हे सगळ्यांना दिसावं म्हणून. त्यांची बशी टेबलावर आदळली. चेहरा लाल झाला होता.

“काहीच्या बाही नोका बोलू! सेनापती सज्जन? अरे, त्यानं तिचा भाता फोडला, भाता! आन ड्रॅगन कुठी मरते? तो तं मिठाच्या डोंगरात पडून राह्यला, तिची वाट पाहून राह्यला!”

सगळ्या माना सरांकडे वळल्या.

“सर,” काकू सावकाश म्हणाल्या, “तुमी तं वाचनार नव्हते नं जी?”

“नातीनं आणलं होतं,” सर म्हणाले. “ती मोठ्यानं वाचते. कानावर पडलं.”

“पण तुमची नात तर नागपूरला होस्टेलवर असते ना?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“फोनवर वाचते,” सर म्हणाले, आणि मग स्वतःलाच हसू आलं त्यांना. आम्ही तर केव्हाचे तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. हसणं ओसरल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. त्यांनी स्वतःच्या पैशानं वेगळा संच आणून तिन्ही भाग वाचले होते. पंखांचं क्षेत्रफळही काढलं होतं. “बसत नाई हिशोबात,” ते म्हणाले. “तरी पुस्तक हातातून सोडवलं नाई.”

मग त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे वळले. भाषा पुन्हा छापील झाली. “या मंडळींनी वाचलेलं नाही, ते दिसतंच आहे. पण मॅडम, तुम्ही वाचलंय. तेव्हा एक शंका विचारतो. तिसऱ्या भागात लोहारीण बर्फाच्या दारापाशी जाऊन मागं का फिरते?”

माझे दोन भाग झाले होते. तिसरा उशाशी होता. मी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हटलं, “मला वाटतं, दारापलीकडे आपणच उभ्या आहोत, हे तिला कळतं.”

“वा!” अधिकारी म्हणाले.

“सुंदर,” सर म्हणाले. “फक्त तिसऱ्या भागात बर्फ नाही, आणि दारही नाही.”

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी आणायला मीच उठले. तिथून उठायला मला काहीतरी कारण हवंच होतं.

एकमतानं ठरलं, पुढच्या महिन्यासाठी हेच पुस्तक. या वेळी मात्र धाक होता, कारण प्रश्न सर विचारणार होते. काकूंचे मला भर दुपारी ऑफिसात फोन येऊ लागले. “त्या राजाले समुद्र वापस देऊच नये म्हनतो मी! आधीच्याचं काय केलं त्यानं?” बँकेतल्या अधिकाऱ्यांनी रात्री मेसेज टाकला, पहिला भाग पूर्ण झाला, आणि पुढं तीन उद्गारचिन्हं. त्यांच्या तोंडून ‘पूर्ण’ हा शब्द मंडळाला नवीन होता.

तिसरा भाग मी डब्याच्या सुट्टीत वाचायला घेतला. आमचं ऑफिस विम्याचं. तिथं टेबलावर जाड पुस्तक दिसलं तर लोकांना नियमावली वाटते, त्यामुळे कुणी विचारत नाही. एके दिवशी शेवटची पानं आली आणि मला रडू आवरेना. पोळी हातात तशीच.

शेजारच्या टेबलावरचे सहकारी दचकले. पाण्याची बाटली घेऊन आले. “काय झालं मॅडम? घरी सगळं ठीक आहे ना?”

“एक माणूस गेलं,” मी म्हटलं.

“अरे अरे. जवळचं होतं?”

“हो. महिनाभरात फार जवळ आली होती.”

“आजारी होत्या का?”

“नाही. समुद्र आणायला गेली होती.”

त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे. त्यांनी गंभीरपणे मान हलवली, माझ्या टेबलावरची फायलींची चळत उचलून आपल्या टेबलावर नेली, आणि साहेबांना हळूच सांगितलं की मॅडमना आज लवकर जाऊ द्या. मी गेले. शेवटची चार पानं राहिली होती.